योग्य मार्गाने आलेली तक्रार

"ही सही माझी नाही! कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली असेल, पण ही सही माझी नाही!"

आमच्या कॉलेजचे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख प्राचार्यांच्या खोलीत इतक्या जोरात ओरडत होते की, बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे उठले ते थेट एरंडोलला जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर एरंडोलच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

टेबलावर एक फुलस्केप कागद पडला होता. खाली निळा शिक्का होता, 'शिफारस करतो', आणि शिक्क्याखाली शेपटीला तीन वळसे दिलेली ऐटदार सही. कागद म्हणजे एका विद्यार्थिनीची तक्रार होती, आणि तक्रार होती या विभागप्रमुखांच्याच विरुद्ध. म्हणजे स्वतःविरुद्धच्या तक्रारीची स्वतःच शिफारस करणारा अख्ख्या खानदेशातला पहिला माणूस त्या दिवशी आमच्यासमोर उभा होता, आणि ओरडत होता.

खोलीत आम्ही पाच जण होतो. ओरडणारे विभागप्रमुख, कपाळावरचा घाम टिपणारे प्राचार्य, कागदांचा गठ्ठा पोटाशी धरून उभे असलेले मोठे कारकून, ज्यांना सगळे आबा म्हणत, आमच्या ग्रंथपाल बाई आणि मी, भूगोलाची मॅडम. आम्ही बायका तिथे होतो, कारण आम्ही दोघी समिती होतो.

समितीची गोष्ट आधी सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाईमाणसाला कुणी त्रास दिला तर तिनं कुठे जायचं, कुणाला सांगायचं, याची सोय प्रत्येक ठिकाणी असलीच पाहिजे, असा वरून कागद आला. दिल्लीहून निघून जळगावात आमच्या कॉलेजात पोचेपर्यंत त्याला इतके शिक्के बसले होते की, मजकूर शिक्क्यांच्या फटीतून डोकावून वाचावा लागत होता. समितीत निम्म्या बायका हव्यात आणि अध्यक्ष बाईच हवी, एवढं त्या फटीतून दिसलं. आमच्याकडे पुरुष प्राध्यापक चाळीसच्या वर आणि बायका मोजून दोन. त्यामुळे निवडणूक फार चुरशीची झाली नाही. ग्रंथपाल बाई सदस्य झाल्या आणि मी अध्यक्ष. मी ज्येष्ठ होते म्हणून नव्हे. प्राचार्य म्हणाले, तुमचा आवाज मोठा आहे.

हे मात्र खरं. मी वर्गात 'सातपुडा' म्हटलं की सातपुड्यातून ओ येत असे. विद्यार्थ्यांना माझ्या तासाला वर्गात यावंच लागत नसे, ते कॅन्टीनमध्ये वडा खात नोट्स उतरवून घेत. आता असली बाई गुप्त तक्रारी ऐकायला नेमणं म्हणजे गळक्या रांजणाला पाण्याच्या पहाऱ्यावर बसवण्यासारखं होतं, पण त्या वेळी हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

मग सूचना लागली. तक्रारीचे तीन मार्ग: पेटीत टाकावी, समितीला तोंडी सांगावी, किंवा लेखी अर्ज करावा, तीन प्रतींत, योग्य मार्गाने.

पेटी म्हणून विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीची जुनी मतपेटी काढली, झटकली आणि आबांनी ती आपल्या टेबलाच्या नेमकी समोर टांगली. डोळ्यापुढे असली म्हणजे सुरक्षित, असं त्यांचं म्हणणं. तिथेच फी भरायची रांग, तिथेच सवलतीच्या पासाच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायची रांग. पेटीत चिठ्ठी टाकायची तर शंभर डोळ्यांच्या साक्षीनं टाकावी लागणार. पहिल्या सत्रात तिच्यातून एकच कागद निघाला. तो प्राचार्यांनी स्वतः टाकला होता: 'सदर पेटी कार्यरत आहे किंवा कसे, ते कळवावे.' आबांनी त्याला आवक क्रमांक दिला आणि 'कार्यरत आहे' असं लेखी उत्तर पाठवलं.

उरले दोन मार्ग. त्यांतला तोंडी मार्ग म्हणजे मी.

तिसऱ्या वर्षाची ती मुलगी एरंडोलच्या पलीकडच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. विषय रसायन, बोलणं बेताचं. एक दिवस माझा तास सुटल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली,

"मॅडम, तुम्हाला हळू बोलता येतं का?"

मी म्हटलं, येतं की. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाचे तिघे जण वळून पाहू लागले.

ती हसली नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काही तरी वेगळं आहे.

आता बोलायचं कुठे? स्टाफरूममध्ये चाळीस पुरुष. मुलींच्या खोलीत भिंतीऐवजी प्लायवूड. ग्रंथालयात ग्रंथपाल बाईंची शांतता एवढी कडक की वहीचं पान उलटलं तरी गुन्हा केल्यासारखं वाटे, माझी कुजबुज तिथे बॉम्बसारखी पडली असती. शेवटी मला कॉलेजची मागची भिंत आठवली. भिंतीपलीकडे डाळमिल होती. ती सुरू असताना भिंतीजवळ उभं राहून स्वतःचं नाव घेतलं तरी स्वतःला ऐकू येत नसे. तिथे एक सिमेंटचा बाक होता. आम्ही त्याच्यावर बसलो, एकमेकींच्या कानाला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडून गुप्त गोष्टी बोलू लागलो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलंय.

तिनं जे सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे, तिच्याकडेच राहू दे. एवढंच की, प्रॅक्टिकल संपलं की विभागप्रमुख तिला एकटीला थांबवून घ्यायचे. ब्युरेटची काचनळी धरायला शिकवतो म्हणून हात धरायचे आणि सोडायचे नाहीत. एकदा तिनं हात हिसकून घेतला आणि 'सर, असं करू नका' म्हणून तोंडावर सांगितलं. तेव्हापासून तिचे गुण उतरत चालले होते. वार्षिक प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर आलं होतं आणि ते तिला म्हणाले होते की, तेही माझ्याच हातात आहे.

मला वाटलं, तिला नापास होण्याची भीती असेल. ती म्हणाली, नापास झाले तर पुन्हा बसेन. भीती घरची होती. घरी समजलं की कॉलेज बंद. तिच्या गावातून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी.

"वडील रागावतील?" मी ओरडले.

"नाना बोलत नाहीत, मॅडम," ती माझ्या कानात ओरडली. "नाना नुसतं करून टाकतात."

मी तिच्यापुढे सगळे मार्ग मांडले. तू तोंडी सांग, मी लिहून घेते. किंवा नुसता परीक्षक बदलून मागू, कारण सांगायचं बंधन नाही. पोलिसातही जाता येतं, जायचं असेल तर मी बरोबर येते. यातलं काहीच करायचं नसेल तरी चालेल, ह्या बाकावर येऊन बसत जा. तिनं बोटांवर सगळे मार्ग मोजले. मग म्हणाली, मी स्वतःच्या हातानं लिहीन. मला इतका आनंद झाला की मी असेल नसेल तो आवाज लावून सांगितलं, आणि नेमक्या त्याच क्षणी जेवणाची सुट्टी होऊन डाळमिल बंद पडली.

"तीन प्रती काढ! तीन!"

हे कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचे झाडून सगळे अर्ज तीन प्रतींत आले आणि झेरॉक्सवाल्यानं मला बघून उठून नमस्कार केला. बरं एवढंच की, माझ्या शेजारी कोण बसलंय हे कुणी पाहिलं नाही, सगळे आपापल्या प्रती मोजण्यात गुंतले.

तिनं अर्ज लिहिला, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि वर 'अध्यक्ष, तक्रार समिती' असं लिहून दिलं ते नेमकं मी नसताना. मी दोन दिवस पेपरांच्या कामाला धुळ्याला गेले होते. परत आले तर माझ्या खणात ते पाकीट फोडलेलं. अर्जावर आवक क्रमांक. आणि खाली तो निळा शिक्का आणि ती सही.

ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रार. मी आबांच्या टेबलाकडे धावले, म्हणजे मी पोचायच्या आधी माझा आवाज पोचला.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. बंद पाकिटाला आवक क्रमांक देता येत नाही म्हणून उघडलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. विद्यार्थिनी रसायनशास्त्राची. योग्य मार्ग म्हणजे विभागप्रमुखांची शिफारस. ती आणली. यात चुकलं कुठे?

"अहो पण आत काय लिहिलंय ते तरी वाचायचं."

"मजकूर मी वाचत नाही, मॅडम. तीस वर्षांत वाचला नाही. मी समास बघतो."

"आणि सरांनी वाचलं?"

"सर कधी वाचतात?"

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. विभागप्रमुखांची सही करायची पद्धत सगळ्या कॉलेजला ठाऊक होती. दुपारी चार वाजता चहा आला की ते सहीला बसत. समोर दोन-तीन नवे प्राध्यापक श्रोते म्हणून लागत. पुण्याच्या कुठल्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपण कसं गप्प केलं, ही गोष्ट सुरू व्हायची. शिपाई एकेक कागद पुढे सरकवायचा आणि चहावर साय धरायच्या आत चाळीस सह्या पडायच्या. नजर श्रोत्यांवर, पेन कागदावर. त्यांच्या हाताखाली मनुष्य आडवा झोपला असता तरी त्याच्या छातीवर सही झाली असती.

आणि त्या दिवशीचा गठ्ठा खास होता. त्यात विभागप्रमुखांच्या स्वतःच्या पदोन्नतीचा प्रस्ताव होता, नऊ पानांचा, प्रत्येक पानावर सही. ह्या मुलीचा अर्ज गठ्ठ्यात कुठे होता म्हणता? प्रस्तावाच्या चौथ्या आणि पाचव्या पानाच्या मध्ये.

मी आबांकडे पाहिलं. आबा समास बघत होते.

आता, शिफारशीच्या सहीनं गुन्हा सिद्ध होत नाही, एवढं भूगोलाच्या मॅडमलाही समजतं. पण आमच्या प्राचार्यांची एक रीत होती. नकोसा कागद आला की ते त्याच्यावर 'योग्य मार्गाने यावे' असा शेरा मारून परत पाठवत. कागद फिरत राही, माणूस थकून जाई. ह्या कागदाला तो शेराच मारता येईना. कागद योग्य मार्गानं आला होता, आवक क्रमांक होता, विभागप्रमुखांची शिफारस होती. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, उजेडात धरून पाहिला, शेवटी दोन दिवसांनी नाइलाजानं बैठक लावली.

ग्रंथपाल बाईंनी एक काम न सांगता केलं. त्या मुलीला त्यांनी आदल्या दिवशीच ग्रंथालयात बसवून घेतलं, तिचं म्हणणं सावकाश लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि बैठकीच्या वेळी तिला त्या खोलीत यायची गरज नाही असं ठरवून टाकलं. मी अध्यक्ष होते, पण हे मला सुचलं नव्हतं.

म्हणून आरडाओरडा झाला तेव्हा मुलगी तिथे नव्हती. होते ते आम्ही पाच जण, आणि कावळे गेलेले.

"सही खोटी आहे," विभागप्रमुख पुन्हा म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम केली. मी लेखी द्यायला तयार आहे."

आबांनी पोटाशी धरलेला गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यातून प्रस्तावाची कार्यालयात राहिलेली प्रत काढली आणि अदबीनं विचारलं, "सर, एकाच बैठकीतल्या सह्या आहेत. मग प्रस्तावाच्या नऊ पानांवरच्याही खोट्या धरायच्या का? तसं असेल तर तो विद्यापीठाकडून परत मागवावा लागेल."

विभागप्रमुख पेचात सापडले. सही खोटी म्हणावी तर पदोन्नती बुडते. खरी म्हणावी तर तक्रारीची शिफारस आपलीच. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, दोन्ही शेपट्यांचे वळसे मोजले, आणि शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले की सही माझीच आहे, पण मी वाचलं नव्हतं.

ग्रंथपाल बाईंना मी सहा वर्षं ओळखत होते. त्या सहा वर्षांत त्यांच्या तोंडून 'शांतता' आणि 'मुदत संपली' यापलीकडे तिसरा शब्द मी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या,

"मग गुण तरी बघून देता का?"

आणि पर्समधून काढावी तशी पिशवीतून त्यांनी त्या मुलीची प्रॅक्टिकलची जर्नल काढली. पानापानावर विभागप्रमुखांच्या हातचं लाल शाईत 'उत्तम', 'उत्तम', 'अतिउत्तम'. तेही न वाचताच लिहिलेलं. त्याच्या शेजारी गुणांचं रजिस्टर ठेवलं. दिवाळीपर्यंत विसापैकी सतरा, अठरा. मुलीनं ज्या आठवड्यात हात हिसकून घेतला, त्या आठवड्यापासून सहा, पाच, सहा. 'अतिउत्तम'ला सहा. प्राचार्यांनी घाम टिपायचं थांबवलं, कारण आता रुमालच ओला झाला होता.

त्या मुलीखेरीज आणखी कुणाचे गुण असे एकाएकी पडले होते, ते शोधायला मी रजिस्टर मागे मागे चाळत गेले. दोन नावं सापडली. त्यांतल्या एकीनं आदल्या वर्षीच कॉलेज सोडलं होतं. तेवढा वेळ मला काहीच गंमत सुचली नाही.

विभागप्रमुखांना परीक्षेच्या कामातून त्याच दिवशी काढलं आणि सक्तीच्या रजेवर घरी बसवलं. परीक्षक बाहेरून बोलावला. चौकशी पुढे कित्येक महिने चालली, शेवटी पदोन्नती गेली आणि संस्थेनं त्यांना धुळ्याच्या कॉलेजात कार्यालयाच्या कामावर पाठवलं, जिथे विद्यार्थी नाहीत, नुसती कपाटं. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. म्हणून मी धुळ्याच्या बाईंना एसटीडी बूथवरून फोन करून सावध केलं. बूथ बसस्टँडवर होता. फोनची तशी गरज नव्हती असं बूथवाला म्हणाला, धुळ्याला तसंच ऐकू गेलं असतं.

पण त्या मुलीच्या दृष्टीनं खरा प्रश्न अजून तसाच होता. प्राचार्य म्हणाले, पालकांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, मुलगी वीस वर्षांची आहे, सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय घरी अवाक्षर जाता कामा नये. आमचा वाद तासभर चालला, आणि माझ्या बाजूनं तो वाद सगळ्या आवारानं ऐकला असणार, नाव तेवढं मी घेतलं नाही. शेवटी मुलीनंच आम्हाला गप्प केलं. ती म्हणाली, तुम्ही कुणी सांगू नका, रविवारी मी सांगते.

तो रविवार मी कसा काढला विचारू नका. मी शेवभाजीत मीठ तीनदा घातलं. घरच्यांनी ती खाल्ली आणि दोन दिवस पाणी पीत राहिले.

सोमवारी प्राचार्यांनी लढाईची तयारी केली होती. मुलीचा बाप येणार, म्हणजे एकटा थोडाच येईल, अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये भरून येईल, काठ्या येतील. टेबलावरची काच काढून कपाटामागे ठेवली. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. वॉचमनला दोन शिट्ट्या दिल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.

दहाच्या एसटीनं नाना आले. एकटे. म्हणजे मुलगी होती बरोबर. पांढरी टोपी, पांढरा सदरा, वयाच्या मानानं ताठ माणूस. फाटकाशी चपला काढाव्यात की नाही याचा जरा विचार केला, मग घालूनच आत आले. खुर्ची दिली तर बसले, पाणी दिलं तर प्यायले.

प्राचार्य बोलू लागले. अर्धा तास बोलले. संस्थेची परंपरा, विद्यार्थिनींचे कल्याण, गैरसमजाचे निराकरण, उचित कार्यवाही. मला स्वतःला त्यातलं निम्मं समजलं नाही. नाना खाली मान घालून ऐकत होते. मुलगी दाराशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते, कारण माझा चेहराही मोठ्यानं बोलतो.

प्राचार्य दम घ्यायला थांबले तेव्हा नानांनी मान वर केली. त्यांची बोली अहिराणी, 'माझी आहे'ला 'मनी शे' म्हणणारी.

"तो मास्तर परीक्षाले राही का?"

मी सांगितलं, नाही, नाना. त्याला काढलं. बाहेरचा परीक्षक येणार.

नानांनी मान हलवली आणि उठले. प्राचार्यही घाईघाईनं उठले. त्यांना अजून ट्रॅक्टरची धास्ती होती की काय कुणास ठाऊक. ते नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की, थोडे दिवस मुलीला घरी घेऊन जा, वातावरण निवळू द्या, लोक उगाच बोलतात, परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येईल.

नानांनी तो हात खांद्यावरून अलगद खाली ठेवला, जसा कुणाचा विसरलेला पंचा खाली ठेवावा.

"कसाले?" ते म्हणाले. "परीक्षा तिनी शे."